बाळ पहाटे उठवतंय? मग पक्षी ऐका! नव्या बाबांसाठी गॅलरीतलं पक्षीनिरीक्षण

मार्च महिना. पहाटेचे पावणेपाच. तीन आठवड्यांचं बाळ माझ्या खांद्यावर, त्याची आई रात्रभर जागून नुकतीच डोळे मिटून पडलेली. मी गॅलरीत येरझाऱ्या घालतोय. मोबाईल आत चार्जिंगला, आणि हातात असता तरी उपयोग नव्हता, कारण दोन्ही हात बाळात अडकलेले. तेवढ्यात समोरच्या पाण्याच्या टाकीवरून कुणीतरी लांबलचक शीळ घातली. बाळ रडायचं थांबलं.

अर्ध्या मिनिटाने ते पुन्हा रडायला लागलं, हेही सांगायला हवं. पण त्या अर्ध्या मिनिटामुळे मी दुसऱ्या दिवशी त्या शिळेची वाट पाहत होतो. तो दयाळ पक्षी होता.

पक्षीनिरीक्षण म्हटलं की दुर्बीण, जंगल आणि मोकळा रविवार डोळ्यांसमोर येतो. नव्या बाबाकडे यातलं काहीच नसतं. पण कान असतात आणि पहाटेची जाग तर फुकटच मिळते. मग नेमकं ऐकायचं काय?

पहाटेच एवढा गलका का?

गाणारे बहुतेक पक्षी नर असतात. ‘हा इलाका माझा आहे’ हे इतर नरांना सांगणं आणि मादीला आकर्षित करणं, ही गाण्याची दोन मुख्य कामं. पहाटे वारा कमी असतो, रस्त्यावर गाड्या कमी असतात, त्यामुळे आवाज लांबपर्यंत जातो. शिवाय अंधारात किडे शोधणं अवघड असतं. खाणं शोधता येत नाही तोवर गाऊन घ्यायचं, असा साधा हिशोब.

बघण्याआधी ऐकायचं का?

कारण तुमचा जोडीदारही तेच करतोय. बाळाचे कान आईच्या पोटात असतानाच काम करू लागतात. नजर मात्र जन्मानंतर हळूहळू तयार होते. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरपर्यंतचंच नीट दिसतं, म्हणजे कुशीत घेणाऱ्याचा चेहरा. समोरच्या झाडावरचा पक्षी त्याला दिसणार नाही, पण ऐकू येईल.

गॅलरीतून कोण कोण ऐकू येतं?

आपल्याकडच्या शहरांत उन्हाळ्याच्या तोंडावर हे आवाज सहज ओळखता येतात:

- दयाळ: उजाडायच्या आधी, उंच जागेवरून गोड आणि बदलती शीळ.
- कोकीळ: ‘कुहू’ करणारा नर असतो. म्हणजे ‘गानकोकिळा’ हा शब्द कितीही गोड असला तरी खरा गायक कोकीळ. ठिपकेवाली मादी ‘किक किक किक’ असं ओरडते.
- शिंपी: अंगठ्याएवढा जीव, पण आवाज असा की शेजारी उठावेत.
- तांबट: ‘टुक, टुक, टुक’ असा एका लयीतला ठोका. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर हातोडी पडते, तसाच. म्हणून तर हे नाव. भर दुपारीही याचं काम सुरूच असतं.
- टिटवी: रात्री ओरडली की घरातली मोठी माणसं ‘अशुभ’ म्हणतात. खरं तर ती अंडी उघड्या जमिनीवर घालते. जवळ कुत्रं किंवा माणूस आलं की नर-मादी दोघंही आरडाओरडा करतात. म्हणजे तीही आपल्यासारखीच, मुलांपायी झोप उडालेली!

पक्ष्यांमधले बाबा कसे असतात?

सगळे प्रकार सापडतात. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. फक्त एक फट उरते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांनाही फळं भरवतो. तो आला नाही तर आत सगळे उपाशी. पुण्या-मुंबईतल्या जुन्या झाडांवरही हा पक्षी दिसतो.

कबुतरांमध्ये आई आणि बाबा दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो आणि दोघंही तो पिल्लांना भरवतात. कोकीळ मात्र या बाबतीत पूर्ण मोकळा. मादी अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि पिल्लं वाढवण्याची कटकट कावळ्यांच्या गळ्यात पडते.

पण याने खरंच बरं वाटतं का?

इथे थोडं गंभीर बोलू. मूल झाल्यावर आईला येणाऱ्या नैराश्याबद्दल आता थोडंफार बोललं जातं, बाबाबद्दल जवळपास नाही. २०१० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. बाळाच्या जन्माच्या आगेमागे साधारण १० टक्के वडिलांना नैराश्याचा त्रास होतो, असं त्यातून दिसलं.

पक्ष्यांबद्दलही अभ्यास आहेत. २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यासाठी सुमारे १,३०० जणांकडून मोबाईल ॲपवर नोंदी घेतल्या होत्या. पक्षी पाहिल्यावर किंवा ऐकल्यावर लोकांना बरं वाटत होतं आणि हा परिणाम आठ तासांपर्यंत टिकू शकतो, असं आढळलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका प्रयोगात सहा मिनिटं पक्ष्यांचे आवाज ऐकल्यावर लोकांची चिंता कमी झालेली दिसली.

पण पक्षी म्हणजे औषध नव्हे. सतत उदास वाटत असेल, चिडचिड थांबत नसेल, बाळाजवळ जावंसंच वाटत नसेल तर डॉक्टरांशी बोला. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

सुरुवात कशी करायची?

१. बाळाला नीट गुंडाळून पाच मिनिटं गॅलरीत किंवा खिडकीशी उभं राहा.

२. नावांच्या मागे लागू नका. आधी वेगवेगळे आवाज किती, एवढंच मोजा.

३. आठवड्याला एकच पक्षी पक्का करा. महिन्याला चार झाले तरी पुष्कळ.

४. आवाज ओळखायला कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे मोफत ॲप आहे. ते कधीकधी चुकतं, म्हणून जमेल तेव्हा पक्षी डोळ्यांनीही बघा.

५. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ चाळा.

६. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवू नका. प्रतिस्पर्धी आला असं वाटून तो पिल्लं सोडून त्याच्या मागे लागतो.

७. गॅलरीत कबुतरांना दाणे टाकू नका. त्यांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचे आजार होऊ शकतात, आणि घरात बाळ आहे.

माझ्या यादीत सध्या सात आवाज आहेत. आठवा बाळाचा. भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं यातला फरक मला आता बऱ्यापैकी कळतो. सुरुवातीला तेही सगळं सारखंच वाटायचं.