तळवली आधी की तवसाळ?

घणसोलीजवळचं तळवली आणि गुहागर तालुक्यातलं तवसाळ. अकारविल्हे यादीत आधी कोण? मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणून कोशाच्या क्रमाने तवसाळ आधी. युनिकोडने मात्र ळ ला ल आणि व यांच्या मधे बसवलं. त्या क्रमाने तळवली पुढे. डेटाबेसला दिलेली क्वेरी दोन्ही वेळा तीच. निकाल ठरवतं ‘कोलेशन’ हे सेटिंग, आणि ते क्वेरीत बहुधा लिहिलेलंच नसतं.

यादी मागेपुढे झाली तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते इंडेक्सचं, म्हणजे शोध झटपट व्हावा म्हणून डेटाबेस ठेवतो त्या सूचीचं, कारण इंडेक्स क्रमावरच उभा असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्समधल्या ग्लिबसी लायब्ररीचं २.२८ व्हर्जन आलं आणि शब्द क्रमाने लावायचे नियम बदलले. पोस्टग्रेस हा डेटाबेस अनेक ठिकाणी याच नियमांवर चालतो. ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड झाली, डेटाबेसला कुणी हातही लावला नाही. पण इंडेक्स जुन्या क्रमाचा आणि शोध नव्या क्रमाने. मग टेबलात असलेलं नाव सापडत नाही, ‘युनिक’ रकान्यात दुबार नोंद शिरू शकते. रबाळे-महापेच्या डेटा सेंटरातला सर्व्हर असो की घरचा लॅपटॉप, इंडेक्स नव्याने बांधावाच लागतो.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ८.० व्हर्जनने तर डिफॉल्ट कोलेशनच बदललं. पूर्वी ‘पाटील’ आणि शेवटी स्पेस पडलेला ‘पाटील ’ सारखेच धरले जात. नव्यात ते दोन वेगळे. जुनी टेबलं आपलं जुनं कोलेशन सांभाळतात, नवी टेबलं नवं घेऊ शकतात, आणि मग दोघांना नावावरून जोडायला गेलं की एरर येऊ शकतो. त्याआधी ५.७ ने आणखी एक सवय मोडली. तालुकावार बेरीज मागताना सोबत गावाचं नावही मागितलं, तर जुनं व्हर्जन हाती लागेल ते एक गाव दाखवायचं, ५.७ अशी क्वेरी नाकारतं. अनेकांनी हा नकार देणारं सेटिंगच बंद करून टाकलं. माझ्या मते हा शुद्ध आळस: एरर गेला, चुकीचं गाव परत आलं.

अपग्रेडच्या बाबतीत एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. सर्व्हर नवा झाला तरी डेटाबेस सहसा आपल्या जुन्या ‘कम्पॅटिबिलिटी लेव्हल’वरच राहतो, म्हणजे जुन्या व्हर्जनसारखाच वागत राहतो. आधी क्वेरींचा वेळ मोजून ठेवायचा, मग लेव्हल वाढवायची. एखादी क्वेरी रखडली तर लेव्हल पुन्हा खाली आणता येते.