रिंग वाजली, मग आवाज कुठे अडला?

बीएसएनएलने १ जानेवारी २०२६ रोजी देशभर वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून फोन, सुरू झाल्याचं जाहीर केलं. खासगी कंपन्या ही सोय २०१९-२०पासूनच देत होत्या, म्हणजे सरकारी कंपनी सहा वर्षं मागे. पण वर कातळसडा आणि खाली माडांत लपलेल्या वाड्या अशा आमच्या किनारपट्टीवर, देवगड-मिठबावच्या पट्ट्यात, भिंतीआड रेंज मरते आणि केबल मात्र घरात पोचलेली असते. त्यामुळे उशिरा का होईना, ही सोय कामाची आहे.

आता मुद्द्याचं. दादरचा मुलगा इंटरनेटवरून मिठबावला फोन लावतो. रिंग जाते, आई उचलते.

"आये, माझो आवाज येता मा?"

"येता रे, बोल!"

"आये? तुझा कायच ऐकाक येना."

दोघंही रेंजला शिव्या घालतात. रेंज बिचारी निर्दोष असू शकते.

कारण फोन लागणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. नंबर लावल्यावर आधी जातो तो नुसता मजकूर: 'इन्व्हाइट'. कोणाकडून, कोणाला, आणि आवाज कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. उत्तर येतं '१०० ट्रायिंग'. पलीकडे घंटी वाजली की '१८० रिंगिंग', उचलला की '२०० ओके'. ठेवताना 'बाय'. फोन बिझी असेल तर ४८६, मुद्दाम कापला तर बहुधा ६०३.

या सगळ्याला सिग्नलिंग म्हणतात आणि इथे वापरलेली पद्धत म्हणजे 'सिप', सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल. मार्क हँडली, कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये तिचं पहिलं मानक प्रसिद्ध केलं. २००२मध्ये सुधारित आलं. त्याआधी, १९९६पासून, टेलिफोनवाल्यांचं एच.३२३ होतं: भारदस्त, आणि संदेश असे की यंत्राशिवाय कोणाला वाचता येऊ नयेत. शुल्झरिन मंडळींनी वेबचा कित्ता गिरवला. साधा मजकूर, डोळ्यांनी वाचता येईल असा. वेबवर पान सापडलं नाही की ४०४, सिपमध्ये माणूस सापडला नाही तरी ४०४! दूरसंचारातला इतका सरळ विचार मला तरी दुसरा आठवत नाही. आज फोरजीवरचा कॉल आणि वाय-फाय कॉलिंग दोन्ही याच सिपवर चालतात. व्हॉट्सअ‍ॅपचं सिग्नलिंग स्वतःचं, पण सांगाडा तोच.

मग आईचा आवाज कुठे गेला? मुलाचा फोन घरच्या राउटरमागे बसलेला. 'इन्व्हाइट'मध्ये त्याने आपला पत्ता दिला तो घरातला, १९२.१६८ने सुरू होणारा. हा पत्ता राउटरच्या बाहेर कोणी ओळखत नाही. सिग्नलिंग सर्व्हरमार्फत सुखरूप पोचलं, पण आवाज वेगळ्या वाटेने निघाला आणि त्या निरर्थक पत्त्यापाशी हरवला. म्हणून बहुतेक अ‍ॅप गरज पडली की मध्ये स्वतःचा सर्व्हर घालून आवाज फिरवून नेतात. वाय-फाय कॉलिंगमध्ये फोन आधी कंपनीच्या दारापर्यंत एक कुलूपबंद बोगदा बांधतो आणि सिग्नलिंग, आवाज दोन्ही त्यातूनच जातात. त्यामुळे हे दुखणं तिथे सहसा होत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. जाहिरातीत वीज कधी जात नाही. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट मिळायचे, घरात काळोख असला तरी डब्बा वाजायचा. राउटरला असा कोणी वाली नाही. मे २०२१च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात विजेचे खांब आडवे झाले होते, ते इथे कोणी विसरलेलं नाही. घरात वीज नाही तर वाय-फाय नाही, आणि वाय-फाय नाही तर ही सोयही नाही.

तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा, राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट बघून त्याला जुळणारा छोटा यूपीएस घ्या, आणि मिरगाच्या आधी एकदा मेन स्विच पाडून मुंबईला फोन लावून बघा.