टॅपेट कव्हरचं पॅकिंग

सिग्नलला गाडी उभी राहिली की बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास, गाडी चालू लागली की वास गायब. ही तक्रार घेऊन गेलात तर बहुतेक गॅरेजांत बॉनेट उघडायच्या आतच निदान होतं: टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं. निदान बऱ्याचदा बरोबरही निघतं. इंजिनाच्या डोक्यावरच्या या झाकणाखाली कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह तेलात न्हात असतात. झाकणाच्या कडेनं तेल पाझरलं की ते हेडवरून ओघळत एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर येतं, आणि तो काही शे अंश तापलेला असतो. धावत्या गाडीत धूर वाऱ्यानं मागं जातो, उभ्या गाडीत तो एसीच्या वाटेनं आत शिरतो. नुसत्या वासावर भागलं तर ठीक. याच ओघळानं गाडीला आगही लागू शकते.

पुण्यातल्या ज्या मेस्त्रींकडे मी हे काम जवळून पाहिलं, ते आधी पाना उचलत नाहीत. आधी ब्रश आणि डिझेल. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या कप्लरांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, थंड इंजिन वरपासून खालपर्यंत घासून काढायचं, कॉम्प्रेसरच्या हवेनं सुकवायचं. मग संशयाच्या कडांवर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरवून इंजिन चालू ठेवायचं. तेल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागं सरकतं, त्यामुळे सगळ्यात मोठा डाग दिसतो तिथं गळती क्वचितच असते. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. कधी ती टॅपेट कव्हरच्या खाली निघते: ऑइल प्रेशरचा स्विच, कॅमशाफ्टचं सील, जुन्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरची ओ-रिंग. अशा वेळी वरचं पॅकिंग कितीही बदला, काही उपयोग नाही. हे अर्ध्या तासाचं धुणं पुष्कळ ठिकाणी टाळलं जातं, कारण त्याचे वेगळे पैसे लावता येत नाहीत.

त्या दिवशी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आली होती. पावडर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात ओली झाली, म्हणजे गळती कव्हरचीच. तरीही मेस्त्रींनी ते उघडलं नाही. इंजिन आयडलवर ठेवून त्यांनी तेल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर प्लॅस्टिकचा पातळ कागद धरला. तो हलकेच आत ओढला जायला हवा होता. इथं तो फडफडत वर उडत होता.

यात या दुरुस्तीचं अर्धं मर्म आहे. टॅपेट कव्हरखालचं तेल पंपाच्या दाबाखाली नसतं. ते वर पोचून, भागांवरून निथळून, भोकांतून खाली चेंबरमध्ये परत जात असतं. अशा तेलाला बाहेर ढकलतो तो वायूचा दाब. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा जळका वायू नेहमीच खाली उतरतो, आणि तो पुन्हा इनटेकमध्ये ओढून घ्यायला पीसीव्ही व्हॉल्व्ह बसवलेला असतो. हा छोटासा व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप काजळीनं चोंदला की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि तेल सगळ्यात दुबळ्या कडेतून बाहेर पडतं. नवं पॅकिंग काही महिने दम धरेल, मग तेही पाझरायला लागेल. मेस्त्रींनी व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला. चांगल्या व्हॉल्व्हमधलं प्लंजर खुळखुळतं. हा मुका होता. गिऱ्हाइकाला फोन गेला: "साहेब, पॅकिंगबरोबर हाही घालावा लागेल." पलीकडून थोडी घासाघीस झाली, पण होकार आला. काही युरोपीय गाड्यांत ही यंत्रणा कव्हरमध्येच ओतलेली असते आणि तिचा पडदा फाटला तर अख्खं कव्हर बदलावं लागतं. तिथं घासाघीस बरीच लांबते.

मग उघडणं. या इंजिनात स्पार्कप्लग कव्हरच्या मधोमध खोल विहिरींत असतात. कॉइल उपसली तर एका विहिरीत बोटभर तेल. विहिरीभोवतीची रबरी सीलं कडक झाली की हे होतं, आणि मग कॉइलचं रबर फुगून गाडी मिस मारायला लागते. तेल टिपून घेतल्याशिवाय प्लग खोलायचा नाही, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये उतरतं. कव्हर निघाल्यावर आतल्या रंगावरून मालकाची सवय कळते. तेल वेळेवर बदललेलं असेल तर धातूवर फिकट तपकिरी झाक, टाळाटाळ केली असेल तर काळा चिकट राप. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात पांढरट फेस दिसतो. इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून आतली वाफ उडून न जाता तेलात घुसळली जाते.

जुनं पॅकिंग खोबणीतून उचकटलं तर ते पापडासारखं कडाकडा मोडलं. रबर वर्षानुवर्षं उष्णतेत दाबलेलं राहिलं की त्याची उसळी मरते आणि ते दाबल्या आकारातच थिजतं. अँबॅसेडर आणि कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात इथं बुचाचं पॅकिंग असे. ते सुकून आक्रसायचं, म्हणून नट पुन्हापुन्हा आवळावे लागायचे. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण गळती दिसली की नट आवळायचा, ही तेव्हाची सवय अजून कितीतरी हातांत आहे. रबरी पॅकिंगला ती मारक ठरते.

दुसरी वाईट सवय सिलिकॉन सीलंटची. नव्या पॅकिंगवर सगळीकडून ट्यूब पिळायची की काम पक्कं, असा समज. वास्तविक ते लागतं फक्त काही जागी: टायमिंगचं कव्हर हेडला भिडतं ती फट, कॅमच्या टोकाशी पॅकिंग वळतं तो कोपरा. तिथं हरभऱ्याएवढा ठिपका पुरतो. बाकीचं सीलंट कव्हर दाबताना आत पिळलं जातं, तुटतं, तेलाबरोबर खाली जाऊन पंपाच्या जाळीवर अडकतं. गळती थांबवायला गेलेला माणूस इंजिनाचं तेलच तोडतो. मला हा अडाणीपणापेक्षा आळस जास्त वाटतो. पृष्ठभाग नीट पुसायचे कष्ट ट्यूबवर ढकललेले असतात. इथं मेस्त्रींच्या हाताखालचा पोरगा हेडची कड प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडत होता, कारण अॅल्युमिनियमवर लोखंडी पातं चाललं की ओरखड्यातूनच तेल वाट काढतं.

आवळणं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात नाजूक. बोल्ट बारीक, 10 नंबरच्या गोटीचे. अशा बोल्टांना बहुधा 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरतात. वीतभर पान्याच्या टोकाला चार-पाच किलोचा जोर, चाकाच्या नटाला लागतो त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. आधी सगळे बोल्ट हातानं टेकवायचे, मग मधून बाहेर, आडवे-तिडवे, दोन फेऱ्यांत. "दांडा आखूड धर रे," मेस्त्री पोराला म्हणाले, "जोर आपोआप कमी लागतो." एरवी पत्र्याचं कव्हर बोल्टापाशी दबून दोन बोल्टांच्या मध्ये कमान धरतं, प्लॅस्टिकचं तडकतं, आणि हेडमधला आटा गेला तर शेदोनशेचं काम हजारांत जातं.

सीलंट सुकायला गाडी रात्रभर उभी राहिली. सकाळी गिऱ्हाईक न्यायला आलं तेव्हा इंजिन चालू करून पुन्हा पावडर, पुन्हा कागद. कागद तोंडाला चिकटला. "मॅनिफोल्डच्या पत्र्याखाली जुनं तेल राहिलंय, दोन दिवस वास येईल," मेस्त्रींनी सांगितलं. "तिसऱ्या दिवशी आला तर गाडी आणा. आणि मधे कुणाकडून कव्हर आवळून घेऊ नका."

गिऱ्हाइकानं विचारलं, मग पार्किंगमध्ये खाली पडतो तो थेंब? तो गिअरबॉक्सच्या बाजूचा होता, क्रँकच्या मागच्या सीलचा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. थेंब लहान आहे, दर आठवड्याला डिपस्टिक बघत राहा, क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा दोन्ही एकदम करू, असं ठरलं.