चढणीचा मासा, इथला आणि आपला

कॅम्पबेल रिव्हर, ब्रिटिश कोलंबिया. मार्चअखेर.

गावाकडून, खांडबाऱ्याहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला: "तिकडे मासे रोजचेच असतील ना?" कॅनडा म्हणजे माणसं थोडी, पाणी उदंड, गळ टाकला की सॅमन वर, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यात व्हँकूव्हर बेटावरचं हे गाव स्वतःला जगाची सॅमन राजधानी म्हणवतं. म्हणून यंदाच्या हंगामाची इथली तयारी जरा सविस्तर कळवतो.

माझे शेजारी इथल्या कागद गिरणीतले जुने कामगार. गिरणी 2010 मध्ये कायमची बंद झाली, आता त्यांचा जीव बोटीत. मार्च आला की त्यांच्या जेवणाच्या टेबलावर भरती-ओहोटीचं कोष्टक आणि समुद्राचा नकाशा पसरलेला असतो. मासेमारीचा परवाना 31 मार्चला संपतो, 1 एप्रिलपासून नवा. सॅमन घरी न्यायचा असेल तर त्यावर निराळा स्टॅम्प घ्यावा लागतो. गळाला उलटा काटा चालत नाही, कारण सोडून द्यायचा मासा जखमी होता कामा नये. आमच्या पाण्यात 62 सेंटिमीटरपेक्षा लहान चिनूक जातीचा सॅमन परत समुद्रात जातो. एका परवान्यावर वर्षाला 10 चिनूक, आणि तो बोटीत आल्या आल्या परवान्यावर नोंदवायचा. घरी जाऊन नाही, तिथल्या तिथे.

हे मी दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे, एवढ्या समुद्रात तुला बघायला कोण येतंय? ठेवून घे." येतात, दादा. सरकारी बोटी येतात, पेटी उघडून मोजतात. पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बघणारं कोणी नसतानाही शेजारी पट्टी लावून मासा मोजतात आणि बोटभर कमी भरला तर पाण्यात सोडतात. चेहरा मात्र पडलेला असतो.

इतकं करूनही हंगाम हातात येईल याची खात्री नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये, लोकांनी सुट्ट्या टाकल्यानंतर, पाहुण्यांनी बोटी ठरवल्यानंतर, मत्स्यखात्याने जाहीर केलं की जुलैच्या मध्यापर्यंत चिनूक ठेवायचा नाही. फ्रेझर नदीच्या ज्या 13 चिनूक वंशांची तपासणी झाली होती, त्यांतला एकच धोक्याबाहेर होता. फ्रेझरचं मुख इथून दूर, व्हँकूव्हर शहरापाशी आहे. पण तिचे मासे आमच्या दारावरून जातात, म्हणून बंदी आम्हालाही. तेव्हापासून दर वसंतात हीच धाकधूक असते. बोटवाले चिडतात. त्यांचं म्हणणं, अंडी उबवणी केंद्रातून सोडलेले मासे पाठीवरचा छोटा पर कापलेला असल्याने ओळखू येतात, मग निदान ते तरी ठेवू द्या. मला यात तथ्य वाटतं. पण ते भांडतात कुठे, तर 1964 पासून चालत आलेल्या सल्लागार मंडळाच्या स्थानिक बैठकीत, आकडे समोर ठेवून. तिथे गळवाला माणूस उठून अधिकाऱ्याला प्रश्न विचारतो आणि उत्तर घेतल्याशिवाय बसत नाही.

पर कापलेला मासा मिळाला तर त्याचं डोकं धक्क्यावरच्या पेटीत टाकावं अशी विनंती असते. अशा अनेक माशांच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तार असते, तिच्यावरून तो कोणत्या केंद्रातला, कोणत्या सालचा ते कळतं. वहिनी फोनवर खरंच हळहळल्या: "भाऊजी, डोकंच देऊन टाकलं? मग कालवणात घातलं काय?" त्यांचं दुःख मला पटतं. रश्श्याला चव डोक्याचीच. तरीही लोक डोकी देतात, कारण पुढच्या वर्षीचा हिशेब त्यावर चालतो.

हे शहाणपण यांना जन्मजात नव्हतं. 1913-14 मध्ये रेल्वेच्या कामाचे दगड फ्रेझरच्या हेल्स गेट घळईत पडले आणि माशांची वाट अडली; माशांसाठी जिने बांधायला 1940 चं दशक उजाडलं. 2019 मध्ये त्याच नदीवर बिग बारला दरड कोसळल्याचं दिसलं, तेव्हा मात्र मासे हेलिकॉप्टरने उचलून पलीकडे नेले. माझ्या डोळ्यांसमोर आपलं तापीवरचं उकाई येतं. धरण झालं, आपल्या भागातली गावं बुडाली, त्यांच्याबद्दल बोलणारे थोडे तरी निघाले. पण तापीतून वर चढणाऱ्या माशाचं काय झालं, हे विचारताना मी कोणाला ऐकलं नाही.

आणि चढणीचा मासा आपल्याला नवा थोडाच आहे! पहिला दणकून पाऊस झाला, नेसू नदीला गढूळ लोंढा आला, की मासे प्रवाहाच्या उलटे ओढ्यांत, शेताच्या बांधांपर्यंत चढतात. सॅमन चढतो त्याच कारणासाठी, अंडी घालायला. इथे त्या दिवसांत लोक काठावर मुलांना घेऊन उभे राहतात, मासे मोजले जातात. आपल्याकडे त्याच रात्री बत्त्या घेऊन सगळा गाव ओढ्यात उतरतो आणि अंड्यांनी फुगलेली मासळी टोपल्या भरून घरी येते. ती चव मीही विसरलेलो नाही. टोपली भरून घरी नेणाऱ्या बाईवर माझा राग नाही, वर्षातून चार दिवस तिच्या घरी ताजा मासा शिजतो, एरवी बाजारातलं सुकटच. राग आहे तो डोहात विजेची तार सोडणाऱ्यांवर, ब्लीचिंग पावडर ओतणाऱ्यांवर. सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला आपल्या देशात 1897 पासून कायद्याने बंदी आहे. समुद्रावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद ठेवतात, हे आपण पेपरात वाचतो. ओढ्यावर तशी बंदी पाळलेली मी कधी पाहिली नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. 1990 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पॅरो खटल्यात क्रम लावून दिला: आधी मासा टिकला पाहिजे, मग मूळनिवासींचं अन्न आणि विधी, बाकी सगळे त्यानंतर. स्पॅरो हे मस्क्वियम जमातीचे मच्छीमार. समोरच्या बेटावर वी वाई काई लोकांची वस्ती आहे. माझ्या शेजाऱ्यांचा गळ बंद असतानाही त्यांचं जाळं पडू शकतं. शेजारी यावर कधी कुरकुरतात, पण हक्क नाकारत नाहीत.

आपल्या नवापूर तालुक्यात हा हक्क कमी आहे का? तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 चा पेसा कायदा लहान जलाशयांचं नियोजन पंचायतीकडे देतो. 2006 चा वनहक्क कायदा पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क शब्दांत लिहून देतो. इथल्या मूळनिवासींनी कोर्टात झगडून मिळवलं, ते आपल्याकडे छापील कायद्यात आहे, आणि आपण ते ग्रामसभेत घरकुलाच्या यादीखाली दाबून ठेवतो. याचीच मला इथे बसून चीड येते.

1 मेची ग्रामसभा पावसाच्या आधी येते. तिच्यात हा विषय घ्या. ठराव दोन ओळींचा पुरे: पहिल्या पुरानंतर महिनाभर कोणत्या डोहात जाळं टाकायचं नाही, आणि वीज किंवा पावडर वापरणाऱ्याला दंड किती. डोह कोणते, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.