नावनोंदणीचे अर्थकारण

बारावीचा निकाल लागल्यापासून ऑगस्टची अखेर उजाडेपर्यंतचा काळ महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांना प्रवेशाच्या विवंचनेत काढावा लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना महाविद्यालयाच्या आवारातील जुनी रांग आठवत असेल. ओल्या छत्र्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले दाखले, जाळीच्या खिडकीमागचा लेखनिक आणि 'उद्या या' हे त्याचे ठरलेले उत्तर. ती रांग आता बहुतेक ठिकाणी नाहीशी झाली आहे. अर्ज संगणकावर भरला जातो, शुल्क मोबाइलवरून भरता येते, गुणवत्ता यादी घरबसल्या वाचता येते. या सुधारणेचे स्वागत न करणे हा कोतेपणा ठरेल. तथापि प्रवेशासाठी विद्यार्थ्याला एकूण जो खर्च सोसावा लागतो, आणि येथे खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे, तो खरोखर कमी झाला आहे काय, असे विचारले तर उत्तर तितके सरळ येत नाही.

या दुखण्याचे मूळ बरेच जुने आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही तीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. अध्यापन हे त्यांचे काम नव्हते. परीक्षा घेणे, पदव्या देणे आणि महाविद्यालयांना संलग्न करून घेणे एवढ्यापुरतेच त्यांचे कार्यक्षेत्र होते. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ मध्ये झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मॅट्रिक होणे म्हणजेच विद्यापीठाच्या पटावर चढण्यास पात्र ठरणे, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. विद्यार्थ्याची लायकी विद्यापीठच तपासत असे आणि तीही आधी तपासत असे. पुढे शालान्त परीक्षा मंडळाकडे गेली. १९७५ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात आला आणि बारावीची परीक्षाही मंडळाच्याच हाती राहिली. विद्यापीठाच्या दारावरची स्वतःची चाचणी अशा रीतीने संपली. दार मात्र उरले! आजही विद्यार्थी प्रवेश घेतो तो महाविद्यालयात, आणि त्याची नोंदणी होते ती विद्यापीठात. या दोन दारांमधला जो बोळ आहे, तेथेच दरवर्षी कित्येकांची अडचण होते.

महाविद्यालयाने दिलेला प्रवेश विद्यापीठाच्या लेखी तात्पुरता असतो. विद्यापीठाने 'पात्रता' मान्य केली की मगच तो कायम होतो. राज्य मंडळातून बारावी झालेल्या मुलाला याची फारशी झळ लागत नाही. परंतु निपाणी वा बेळगावकडून कोल्हापुरास शिकायला येणारा, कर्नाटकातील पदवीपूर्व परीक्षा दिलेला विद्यार्थी, मुक्त विद्यालयातून बारावी झालेली गृहिणी, अथवा वडिलांच्या बदलीमुळे परप्रांतातून आलेली मुलगी यांच्यापुढे स्थलांतर प्रमाणपत्र, मूळ गुणपत्रकाची पडताळणी, खंड पडला असल्यास त्याचे शपथपत्र अशी मालिका उभी राहते. शुल्क भरले जाते, तास सुरू होतात, आणि परीक्षेचा अर्ज भरताना कळते की पात्रतेचा प्रश्न अद्याप प्रलंबित आहे. किरकोळ दुकानदाराने पैसे घेऊन माल हाती द्यावा आणि चार महिन्यांनी घाऊक व्यापाऱ्याने येऊन 'हा सौदा आम्हांस मान्य नाही' असे म्हणावे, तसा हा प्रकार होय. कोणत्याही बाजारात असला व्यवहार टिकणार नाही. शिक्षणात तो टिकून आहे, कारण येथे गिऱ्हाइकाला दुसरे दुकान शोधायला एक वर्ष मोजावे लागते.

अर्थशास्त्रात वस्तूच्या किमतीखेरीज तो सौदा घडवून आणण्याच्या खर्चाचाही विचार करतात. रोनाल्ड कोस यांनी १९३७ च्या आपल्या निबंधात या खर्चाकडे लक्ष वेधले, तेव्हा त्यांच्यासमोर उद्योगसंस्था होत्या. तो विचार प्रवेशाच्या अर्जाला तितकाच लागू पडतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी प्रत्येक कागदामागे बुडालेला रोज, एसटीचे भाडे आणि सेतू केंद्रातली फेरी असते. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. ज्यांची मुदत संपली ते सारे एकाच वेळी तहसील कचेरीच्या दारात येऊन उभे राहतात. ही गर्दी नैसर्गिक नाही, ती वेळापत्रकाने निर्माण केलेली आहे. पूर्वी हे कागद तपासण्याचे आणि नोंदवहीत उतरवण्याचे श्रम कार्यालय करीत असे. आता तेच कागद ठरावीक आकारात बसवून संकेतस्थळावर चढवण्याचे काम विद्यार्थ्याकडे आले आहे. ज्याच्या घरी संगणक आहे त्याला ते अर्ध्या तासाचे काम वाटते. ज्याच्या घरी नाही तो सायबर कॅफेवाल्याला पैसे देतो, आणि त्या अनोळखी माणसाने घाईत टाकलेल्या एका चुकीच्या खुणेवर त्याचा प्रवर्ग, माध्यम किंवा विषय ठरून जातो.

प्रवेश कोणत्या दाराने घेतला यावर सवलत अवलंबून असते, ही गोष्टही पालकांना बहुधा उशिरा कळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु ही माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलीसाठी आहे. फेरीत नाव लागले नाही म्हणून तिच्या वडिलांनी घाबरून त्याच महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली, तर शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला जे शून्य रुपयांत मिळते त्यासाठी तिला पूर्ण शुल्क मोजावे लागते. आठवडाभर थांबण्याची तयारी, किंबहुना थांबावे हे सांगणारे कोणी असणे, याची किंमत येथे काही लाखांत जाते.

केंद्रीभूत प्रवेशाचा विषय निघालाच आहे, तर त्यामागचा विचारही पाहण्यासारखा आहे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी एका छोट्या निबंधात महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह यांची सांगड घालून दाखवली. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या पसंतीच्या संस्थेकडे अर्ज करावा, संस्थेने त्यांतील उत्तम अर्ज तूर्त राखून बाकीचे नाकारावेत, नाकारलेल्यांनी पुढच्या पसंतीकडे जावे, आणि अधिक चांगला अर्ज आला तर संस्थेने राखलेला अर्जही सोडून द्यावा. सर्व फेरे संपेपर्यंत कोणताही होकार अंतिम धरायचा नाही, यात त्या पद्धतीचे मर्म आहे. अखेरीस अशी एकही जोडी उरत नाही की जिच्यात विद्यार्थ्याला ती संस्था आणि संस्थेला तो विद्यार्थी, मिळालेल्यापेक्षा अधिक हवासा आहे. शॅप्ली यांना या कामासाठी २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲल्विन रॉथ यांच्यासमवेत मिळाले. या पद्धतीत विद्यार्थ्याने आपली खरी आवड खऱ्या क्रमाने लिहावी, हीच सर्वांत शहाणी चाल ठरते. डावपेच लढवण्याचे कारणच उरत नाही.

आपल्याकडील फेऱ्यांत मात्र मधेच जागा 'गोठवण्याचे' नियम येतात, पहिल्या पसंतीची जागा मिळाली की पुढचे दार बंद होते, फेरीगणिक पसंतीक्रम बदलता येतो. म्हणून डावपेच आले आणि डावपेचांबरोबर सल्लागार आले. पसंतीक्रमाचा अर्ज भरून देणे हा आज शहरोशहरी चालणारा धंदा आहे. नियम साधे असते तर तो निघालाच नसता.

कला, वाणिज्य व विज्ञान या पारंपरिक शाखांत तर पदवीच्या पहिल्या वर्षासाठी असे सामायिक वाटप नाहीच. मुंबई विद्यापीठात प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी सक्तीची आहे, पण गुणवत्ता याद्या प्रत्येक महाविद्यालय आपापल्या लावते. परिणामी नव्वद टक्क्यांचा मुलगा पाच याद्यांत झळकतो आणि पासष्ट टक्क्यांचा एकाही यादीत दिसत नाही. पहिला कोठे जाणार हे ठरेपर्यंत दुसऱ्याने तिसऱ्या यादीकडे डोळे लावून बसायचे. सुटलेल्या एसटीतील रिकाम्या आसनाप्रमाणेच महाविद्यालयातील रिकामी जागाही साठवून ठेवता येत नाही. दोन-तीन ठिकाणी शुल्क भरून जागा अडवून ठेवणाऱ्या पालकांना दोष देणे सोपे आहे, पण अनिश्चिततेत विमा उतरवणाऱ्यासारखेच ते वागत असतात. हा विमा महाग पडू नये म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये परताव्याचे नियम घालून दिले. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस वा त्याहून आधी नाव काढले तर, प्रक्रियाखर्चापोटी पाच टक्के आणि तेही जास्तीत जास्त पाच हजार रुपये वजा करून, सर्व शुल्क परत मिळते. त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी काढले तर नव्वद टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ऐंशी टक्के आणि तीस दिवसांपर्यंत पन्नास टक्के. त्यानंतरच्या काही वर्षांत आयोगाने परिपत्रके काढून याहून उदार सवलती दिल्या. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यासही याच नियमांनी मनाई आहे. इतके स्पष्ट नियम असूनही शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी महाविद्यालयात हेलपाटे घालणारे विद्यार्थी दिसतात. नियम इंग्रजीत आणि दिल्लीच्या संकेतस्थळावर आहेत, हे त्याचे एक कारण असावे.

इथवरचा विचार दारापर्यंतचा झाला. दाराच्या आत पाऊल टाकल्यावर विषयांची नोंदणी येते, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने तिचे स्वरूप पार पालटले आहे. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हे धोरण पदवीला लागू झाले. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यास अशी टोपलीमागून टोपली विद्यार्थ्यापुढे येते आणि दर सत्राला वीस ते बावीस श्रेयांक जमवायचे असतात. एका श्रेयांकाला पंधरा तासांचे अध्यापन. कागदावर ही निवडीची लयलूट आहे.

प्रत्यक्षात काय घडते? खुला ऐच्छिक विषय आपल्या मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचा असावा, असा राज्याचा नियम आहे. तालुक्याच्या ठिकाणी केवळ वाणिज्य शाखा असलेल्या महाविद्यालयाने कला वा विज्ञानाचा शिक्षक आणायचा कोठून? मग उपलब्ध शिक्षकाला जे शिकवता येईल तेच टोपलीत ठेवले जाते आणि सव्वाशे मुले एकाच 'पसंतीच्या' विषयाला नाव नोंदवतात. दुसरीकडे नोंदणीचा आकडा म्हणजे शिक्षकाचा कार्यभार. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवावे, असा आयोगाचा दंडक आहे. इतिहासाला वा तत्त्वज्ञानाला पुरेशी नावे आली नाहीत तर तास भरत नाहीत, तास भरले नाहीत तर पद टिकत नाही, आणि ज्याचे पदच नसते, तासिका तत्त्वावर जो येतो, त्याचे त्या वर्षीचे उत्पन्नच बुडते. अशा स्थितीत विद्यार्थ्याला विषय सुचवणारा शिक्षक निःपक्षपाती सल्ला देईल, अशी अपेक्षा धरणे मानवी स्वभावाला धरून नाही. नोंदणीच्या आठवड्यात विभागाविभागांत जी ओढाताण चालते तिच्याकडे पाहून हसणाऱ्यांनी हा पोटाचा प्रश्न ध्यानात घ्यावा. मागणी मोजायची ती आवड कळावी म्हणून. येथे पुरवठा वाचवण्यासाठीच मागणी घडवली जाते आणि तिला निवड हे नाव मिळते.

मिळवलेले श्रेयांक साठवण्यासाठी २०२१ मध्ये श्रेयांक पेढी स्थापन झाली. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडावे आणि श्रेयांकांची मुदत संपण्याआधी, म्हणजे साधारण सात वर्षांत, परत यावे, अशी त्यामागची कल्पना. घरची शेती वा लग्न यांमुळे शिक्षण सुटलेल्यांसाठी ती मोलाची आहे. परंतु पेढीत खाते उघडायचे तर नाव जुळले पाहिजे. आपल्या मंडळाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारपत्रावर बहुधा याच्या उलट. शिवाय लग्नानंतर परत येणाऱ्या मुलीचे आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदललेले असते. ज्या वर्गासाठी परतीचे हे दार मुद्दाम उघडे ठेवले, त्याच वर्गाची नावे यंत्राला ओळखता येत नाहीत. ती जुळवून देण्याचे काम ज्या लेखनिकाकडे येते, त्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या निवृत्तीनंतर भरल्याच गेलेल्या नाहीत, हे अनुदानित महाविद्यालयांतील नेहमीचे चित्र आहे.

यांतील बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. पात्रतेची छाननी शुल्क घेण्यापूर्वी व्हावी आणि ठरावीक दिवसांत हरकत आली नाही तर प्रवेश आपोआप कायम समजावा. दाखल्यांच्या मुदती ३१ मार्चऐवजी शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस संपाव्यात. एका तालुक्यातील तीन-चार महाविद्यालयांनी मिळून खुले ऐच्छिक विषय सामायिक ठेवावेत, म्हणजे वाणिज्यच्या मुलाला शेजारच्या विज्ञान महाविद्यालयात आठवड्यातून दोन तास जाता येईल. त्यासाठी दोन्हीकडचे वेळापत्रक जुळले पाहिजे आणि एसटीही त्या वेळेला असली पाहिजे. कार्यभार एका वर्षाच्या आकड्यावर न ठरवता तीन वर्षांच्या सरासरीवर ठरावा, म्हणजे विषय सुचवताना शिक्षकाचा हात थरथरणार नाही. आणि विषय बदलण्याची मुदत, जी बहुतेक ठिकाणी तास नीट सुरू होण्यापूर्वीच संपते, ती निदान पहिल्या पंधरा दिवसांच्या अध्यापनानंतर संपावी. विषय काय आहे हे मुलाला वर्गात बसल्यावरच कळते.