हणजूणची रात्र तबकडीत मावते का?

नवरात्रात दांडिया खेळलेल्या माणसाला 'नॉनस्टॉप' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १९८०च्या दशकात बाबला यांच्या 'डिस्को दांडिया'च्या कॅसेटी मैदानांवर वाजू लागल्या, तेव्हा खेळणाऱ्याला पहिली काळजी असे ती एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना टिपरी चुकण्याची. गाणे कुणाचे, क्रम कसा, या गोष्टी नंतरच्या. टेक्नोच्या मिक्स अल्बमवर जगभर जे वाद झडतात, त्यांचीही सुरुवात इथूनच होते. इतरांच्या ध्वनिमुद्रिका निवडून, एकीत एक मिसळून, खंड न पडू देता डीजेने बांधलेला तासा-दोन तासांचा ऐवज म्हणजे मिक्स. त्यात डीजेचे स्वतःचे काय? निवड, क्रम आणि सांधे. ऐकणारा या तिघांपैकी कशाला वजन देतो, त्यावर निकाल फिरतो.

सर्वांत आधी कानावर येतो तो सांधा. टेक्नोचा ठेका चार मात्रांचा असतो आणि प्रत्येक मात्रेवर किक पडते. डीजे पुढची तबकडी हेडफोनवर ऐकतो, पिचची पट्टी सरकवून तिची गती चालू तबकडीशी जुळवतो आणि सोळा किंवा बत्तीस मात्रांचा फेरा पुरा होतो तिथे तिला आत घेतो. दोन्हींचा बास एकदम वाजला तर आवाज गढूळ होतो. म्हणून जुनीचा बास उतरवत नवीचा चढवायचा. हात तयार असेल तर ही अदलाबदल कळतही नाही. हाय-हॅट जरा उजळल्यासारखा वाटतो, आणि अर्ध्या मिनिटाने लक्षात येते की आपण भलत्याच ठिकाणी येऊन पोचलो आहोत. हे कसब मोठे आहे, यात वाद नाही. पण त्यावरच सगळा निकाल द्यायचा तर गोव्यात जे घडले त्याला शून्य गुण द्यावे लागतील, आणि तो अन्याय होईल.

टेक्नो जन्मले मोटारींच्या डेट्रॉइट परिसरात, म्हणून त्याला सरसकट कारखान्याचे संगीत म्हटले जाते. मला ही व्युत्पत्ती फार सोपी वाटते. टेक्नोचे जनक मानले जाणारे वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तिघे शाळेत भेटले ते शहराबाहेरच्या बेलव्हिल गावात, आणि त्यांचे कान तयार झाले ते रेडिओवरच्या क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक गटाने. नुसत्या यंत्रांच्या ठोक्यांतून टेक्नो उगवत असते, तर जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, आपल्या भोसरीत, नाशिकच्या सातपुरात ते कधीच उगवले असते. ठोके तिथे कमी नाहीत. नाचायला मोकळी रात्र मात्र पाळीवर जाणाऱ्या माणसाला कुठली मिळणार? भारतात तशी रात्र मिळाली गोव्याच्या बार्देशातल्या हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यावर.

पुढे डीजे गोवा गिल म्हणून ओळखला गेलेला गिल्बर्ट लेव्ही १९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियाहून तिथे पोचला. सुरुवातीला रॉक वाजे. १९८०च्या दशकात लोरां आणि फ्रेड डिस्को या डीजेंनी युरोपातले इलेक्ट्रॉनिक संगीत आणले आणि कॅसेटवर त्याची कापाकापी सुरू झाली. शब्द काढून टाकायचे, उरलेला वाद्यांचा भाग जोडून लांबवायचा. विनाइल तबकड्या या हवेला टिकणाऱ्या नव्हत्या. उन्हात त्या वाकतात, खाचेत वाळू जाते आणि विमानातून न्यायचे तर ओझे. १९८७मध्ये डॅट ही डिजिटल टेप आली आणि काडेपेटीहून थोड्या मोठ्या डबीत दोन तासांचे संगीत मावू लागले.

पण डॅटच्या त्या छोट्या यंत्रांवर गती कमी-जास्त करायची सोयच नव्हती. म्हणजे ठेक्याला ठेका जुळवणे जवळजवळ अशक्य. एका रचनेचा लांबलेला, ठेका नसलेला शेवट आणि दुसरीची तशीच संथ सुरुवात एकमेकांवर पसरायची, एवढाच सांधा. गोवा ट्रान्स म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या या संगीतातल्या कितीतरी रचनांना धुक्यासारखी लांब सुरुवात का असते, याचे एक कारण या यंत्रात आहे. सांध्याचे कसब असे बाजूला पडले तेव्हा सगळा भार क्रमावर आला. मध्यरात्री काय लावायचे, पहाटे तीनचा अंधार किती जड ठेवायचा, उजाडताना सूर कधी मोकळे करायचे. डीजेची परीक्षा सूर्योदयाला होई. रात्रभर दाबून ठेवलेली चाल तेव्हा वर आली नाही, तर आधीचे सहा तास वाया.

या मैफलींच्या कडेला गावातल्या बाया चटया अंथरून, रॉकेलच्या दिव्यावर चहा आणि ऑम्लेट विकत. नाचणारे येत-जात, झोपत, उठत. या बाया मात्र शेवटपर्यंत बसून असत. संपूर्ण सेट त्यांच्याइतके फार थोड्या समीक्षकांनी ऐकले असतील. गोव्याच्या या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी त्यांच्याकडे जायला हवे, असे मला मनापासून वाटते.

१८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसी रेडिओ वनच्या 'इसेन्शियल मिक्स' या कार्यक्रमात पॉल ओकनफोल्ड या डीजेचा 'गोवा मिक्स' वाजला आणि हणजूणचे संगीत ब्रिटनच्या घराघरांत शिरले. अवधी दोन तासांचा. त्यात गोवा ट्रान्स आहे, आणि मधूनमधून व्हँजेलिसचे 'ब्लेड रनर' या चित्रपटासाठीचे संगीतही. हे हणजूण नव्हेच, असा आक्षेप घेता येतो, आणि तो खरा आहे. किनाऱ्यावरची रात्र एकसुरीपणाचा धोका पत्करून लांबत जाते. ओकनफोल्ड दर काही मिनिटांनी पडदा बदलतो. तरीही मी या मिक्सच्या बाजूने उभा राहीन. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची साडेतीन मिनिटांची तबकडी ही मैफलीची कापून काढलेली फोड नव्हती. त्या वेळात मावेल असा वेगळा घाट त्यांनी घडवला होता. दोन तासांच्या रेडिओसाठी ओकनफोल्डने तसाच घाट शोधला.

रात्र तबकडीत मावते का, हाच प्रश्न टेक्नोमध्ये दोन टोकांनी सोडवला गेला. जेफ मिल्सने ऑक्टोबर १९९५मध्ये टोकियोच्या लिक्विड रूममध्ये वाजवलेला सेट पुढच्या वर्षी बाजारात आला. त्यात गर्दीचा आरडाओरडा आहे, घाई आहे, क्वचित सुटलेला ठेकाही आहे. या खरखरीसह तो जपला गेला, आणि तीच श्रोत्यांना प्रिय झाली. उलट रिची हॉटिनने २००१च्या 'डीई९: क्लोजर टू द एडिट'मध्ये सुमारे शंभर रचनांचे तीनशेहून जास्त बारीक तुकडे करून संगणकावर ५३ मिनिटांचे नवेच विणकाम केले. तिथे 'सांधा कसा आहे' हा प्रश्नच उरत नाही, कारण सांध्याशिवाय दुसरे काही नाहीच. २००७मध्ये रिकार्डो व्हिलालोबोसने 'फॅब्रिक ३६'मध्ये फक्त स्वतःच्याच रचना वाजवल्या, तेव्हा याला मिक्स म्हणायचे की अल्बम, यावर श्रोते अडले. मिल्सला हॉटिनच्या मापाने मोजले तर तो गबाळा ठरतो आणि हॉटिनला मिल्सच्या मापाने मोजले तर तो निर्जीव. दोन्ही निकाल चुकीचे आहेत. मला विचाराल तर मी पुन्हापुन्हा मिल्सकडे जातो. खोलीतल्या माणसांचा डीजेच्या हातावर होणारा परिणाम तिथे ऐकू येतो.

हणजूणबाबत मात्र असा पुरावा फार थोडा हाती आहे, आणि नवा मिळणेही अवघड. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी उघड्यावरच्या ध्वनिवर्धकांना रात्री दहा ते सकाळी सहा बंदी घातली आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंदीचा आग्रह धरला. किनाऱ्यालगतच्या गावांना झोप हवीच होती, त्यामुळे या नियमावर माझी तक्रार नाही. पण अंधारातून उजेडाकडे नेणारा सेट उघड्यावर वाजवण्याची कायदेशीर वाट त्याने बंद केली. सोनीने डॅटची यंत्रे बनवणे थांबवले तेही २००५मध्येच. गोवा गिल ऑक्टोबर २०२३मध्ये वारला. त्या पिढीच्या डॅट टेपांवरची चुंबकीय पूड दरवर्षी झिजते आहे आणि त्या वाजवू शकणारी यंत्रे कमी होत आहेत. गोव्यातल्या एखाद्या संग्रहालयाने किंवा विद्यापीठाने त्या मागवून संगणकावर उतरवून घ्यायला हव्यात, तेही टेपा न कापता, प्रत्येक सेटची तारीख, जागा आणि सुरू झाल्याची वेळ नोंदवून. पहाटे पाचला काय वाजले हे कळायचे तर त्या रात्रीची सुरुवात किती वाजता झाली, हे माहीत असावे लागते.