बॉम जेझूमधील समाधी आणि राजाश्रय : एक विवेचन

प्रस्तावना :
धर्मस्थळातील शिल्प केवळ श्रद्धेतून घडत नाही. त्यामागे राजाश्रय देणाऱ्याचे हेतूही असतात. जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिकेतील सेंट फ्रान्सिस झेवियर यांची बरोक शैलीतील समाधी हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या हेतूंचा थोडक्यात विचार केला आहे.

संत आणि राज्यसत्ता :
झेवियर यांचे निधन १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर झाले. १५५४ मध्ये पार्थिव गोव्यात आले व १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी करून जुवे बेट घेतले. तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने आपला अधिकारदंड संताच्या पार्थिवापाशी ठेवून राज्यरक्षणाची याचना केली. मोगल शाहजादा मुअज्जमची फौज कोकणात उतरल्याने मराठे माघारी फिरले. श्रद्धाळूंनी मात्र श्रेय संताला दिले. अशा रीतीने संत हा राज्याचा रक्षक ठरला.

मेदिचींचा आश्रय :
असे असूनही समाधी दिली ती पोर्तुगालच्या राजाने नव्हे, तर इटलीतील टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने. संताच्या डोक्याखालील उशी त्यास भेट मिळाली होती. तिचीच ही परतफेड. राजशिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने रंगीत संगमरवर व संताच्या जीवनावरील चार कांस्यपट यांतून ती घडविली. तिचे सुटे भाग जहाजाने आणून १६९८ मध्ये कारागीर प्लासिदो रांपोनी याने येथे जोडले. वर ठेवली ती १६३७ च्या सुमारास गोमंतकीय सोनारांनी घडविलेली चांदीची पेटी.

कोसिमोचा भारतात तसूभरही मुलूख नव्हता. मात्र लहान राज्याच्या या अधिपतीस राजतुल्य मान हवा होता. १६९१ मध्ये सम्राटाकडून तो त्यास मिळाला. त्याच वर्षी त्याच्या कन्येचा विवाह पोर्तुगालच्या राणीच्या भावाशी झाला. अशा काळात पोर्तुगीज पूर्वेच्या राजधानीत मेदिचींचे नाव कोरले जाणे ही धर्मनिष्ठेइतकीच प्रतिष्ठेचीही बाब होती.

समारोप :
१७३७ मध्ये टस्कनीतील मेदिचींची सत्ता संपली. १७३९ मध्ये भाईंदर-उत्तनसह वसई प्रांत पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे गेला. सत्ता लयास गेल्या, समाधी राहिली. खाली ड्यूकचा संगमरवर आणि वर गोमंतकीय चांदी, अशी ही रचना एकत्रितपणे वाचली, तरच तिचा इतिहास पूर्ण होतो.